लुआन मिस्त्रींचा जपानचा अर्ज

माझे सासरे लुआन चिंगयुआन शवपेट्या बनवतात. हे वाक्य मी आज बिनधास्त लिहितो आहे, कारण आज कुठला सण नाही आणि सासूबाई भावाकडे गेल्या आहेत. एरवी आमच्या घरात तो शब्द कोणी काढत नाही. 'माल' म्हणायचं. माल झाला, माल भरला, माल बंदरावर गेला. आमच्या चांद्र नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात, पंधराव्या दिवशीच्या दिव्यांच्या सणापर्यंत, तर 'माल'सुद्धा चालत नाही. ते पंधरा दिवस आम्ही 'कपाटं' करतो. चीनमधल्या शांतुंगच्या या कोपऱ्यात थोंगचं झाड चांगलं वाढतं. त्याचं लाकूड हलकं, पांढरं आणि पटकन जळणारं. जपानी लोकांना तसंच हवं असतं. म्हणून आमच्या गावातले चाळीसेक कारखाने वर्षभर समुद्रापलीकडे कपाटं पाठवत असतात.

मी या घरचा घरजावई. पहिल्यांदा श्याओमानबरोबर तिच्या घरी गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं आणि मान हलवली. मला वाटलं, पसंत पडलो. लग्नानंतर कळलं, ते माप घेत होते. "सहा फुटी लागेल, खांदे अरुंद," असं त्यांनी आत जाऊन बायकोला सांगितलं होतं. मनात काही वाईट नव्हतं. इतकी वर्षं ज्या डोळ्यांनी हेच काम केलं, त्यांना समोरच्या माणसात दुसरं काही दिसत नाही. आता मी त्यांना बाबा म्हणतो, सासूबाईंना आई म्हणतो आणि कारखान्याचं कागदपत्रांचं काम बघतो.

बाबा पंधराव्या वर्षी काकाच्या हाताखाली रंधा मारायला लागले. तेव्हा गावात खरंच कपाटं होत असत. लग्नाची, लाल रंगाची, दारावर बदकांची जोडी रंगवलेली. पुढे लोक शहरातल्या दुकानातून कपाटं आणायला लागले आणि सगळ्या गावाने माल बदलला. बाबा करवतीला घाबरत नाहीत. डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे, तिच्याबद्दल "भुशात गेली" एवढंच सांगतात. घाबरतात ते टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला. विजेच्या कचेरीतल्या काउंटरवरच्या पोरीसमोरही ते टोपी काढून उभे राहतात आणि तिने काही विचारायच्या आत "चुकलं असेल माझंच" म्हणतात.

असा माणूस परदेशी जायचा व्हिसा मागायला निघाला, तो एका खिडकीपायी.

जपानच्या मालाला झाकणात, चेहऱ्याच्या जागी, दोन पाखांची, म्हणजे दोन झडपांची, एक छोटी खिडकी असते. शेवटचं दर्शन घ्यायचं तर ती उघडतात, नंतर लावतात. डिसेंबरात जपानातल्या गिफूहून कुसाकाबे-सानचं पत्र आलं. हे आमचे बावीस वर्षांचे गिऱ्हाईक. दरवर्षी स्वतः येत, बाबांच्या शेजारी स्टुलावर बसून भात खात. आता अठ्ठ्याहत्तरीला पोचलेत आणि गुडघे गेलेत. मी मोबाइलवर भाषांतर करून पत्र वाचून दाखवलं. तिथल्या एका घरी दहन व्हायच्या आधी खिडकी उघडेना. दमट हवेने पाखं फुगून चौकटीत बसली होती. मुलगा हातात फूल घेऊन उभा राहिला, ओढून बघितलं, मग गाडी आली. आईचा चेहरा बघायचा राहून गेला.

बाबांनी रंधा खाली ठेवला.

पुढे लिहिलं होतं की त्याच खेपेतल्या एकशे साठ पेट्या गोदामात पडून आहेत. वीस मार्चच्या आत चिंगयुआनने स्वतः येऊन प्रत्येक खिडकी आपल्या हाताने नीट करावी. तो आला नाही तर सगळा माल परत येईल आणि पुढल्या वर्षीपासून दुसरा कारखाना बघावा लागेल. आमचं दुसरं गिऱ्हाईक नाही. अकरा सुतार कामाला आहेत.

"दुसऱ्या कोणाला पाठवू या का?" मी विचारलं. "आपल्या कारखान्यातल्या धाकट्या मिस्त्रींना?"

"खिडकी मी बसवली होती," बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं.

तालुक्याला माडम छूंची एजन्सी आहे. अर्ज तिथे द्यायचा, तिथून तो चिंगतावच्या जपानी वकिलातीत जातो. जपानहून कागद येईपर्यंत नवं वर्ष आलं. सुट्टी संपून पहिल्या महिन्याच्या आठव्या दिवशी त्यांचं दुकान उघडलं आणि आम्ही दारातच उभे होतो. माडम छू पन्नाशीच्या, लाल स्वेटर, समोर सूर्यफुलाच्या बियांची वाटी. जपानहून आलेलं आमंत्रण, हमीपत्र, कुठल्या दिवशी कुठे राहणार त्याचा तक्ता, सगळं त्यांनी तपासलं. मग अर्जावरचे प्रश्न वाचायला घेतले.

"कुठल्याही देशात कधी गुन्हा केलाय का?"

बाबांनी टोपी काढली. मी त्यांच्याकडे बघितलं. कपाळावर घाम.

"एकदा," ते म्हणाले. "रस्त्याकडेची सरकारी फांदी तोडली होती. मी एकोणीस वर्षांचा होतो. मोठी होती फांदी."

माडम छूंनी बी चावता चावता त्यांच्याकडे पाहिलं. "लुआन काका, फांदीचं नाही विचारत ते."

"पण नंतर कळलं तर?"

"झाड येणारे का साक्षीला? 'नाही' वर खूण करते."

मग नोकरीचा दाखला. कारखाना त्यांच्याच नावावर, त्यामुळे दाखला त्यांनीच द्यायचा: लुआन चिंगयुआन हे आमच्याकडे काम करतात, कामासाठी जपानला जात आहेत, मुदतीत परत येतील. खाली सही, लुआन चिंगयुआन, आणि तांबडा शिक्का. शिक्का हातात धरून बाबा बराच वेळ बसले.

"माझी हमी मीच कशी देऊ?" त्यांनी मला हळूच विचारलं. "मला माहितीये ना मी कसा आहे ते."

"तुम्ही कसे आहात?"

"मला नाही देणार ते व्हिसा. तोंडावरूनच कळतं."

शिक्का मी मारला. राहिला फोन नंबर. बाबांचा मोबाइल खुंटीवरच्या जाकिटात असतो आणि करवतीच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही, म्हणून मी घरातल्या टेलिफोनचा नंबर लिहिला. तेव्हा मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

"कधी कधी वकिलातीतून फोन येतो, खातरजमा करायला," माडम छू म्हणाल्या. "घाबरायचं नाही, खरं सांगायचं. एकदा नाकारलं की कारण सांगत नाहीत आणि त्याच कामासाठी सहा महिने परत अर्ज करता येत नाही. एवढं लक्षात ठेवा."

बाबांनी तेवढंच लक्षात ठेवलं. घरी येईपर्यंत गाडीत तीनदा विचारलं, "सहा महिने म्हणजे सप्टेंबर ना?"

तेराव्या दिवशी दुपारी आम्ही जेवत होतो. श्याओमानला आठवा महिना. आई तिच्या ताटात सारखं काहीतरी वाढत होत्या. वाढता वाढता त्या म्हणाल्या, "सकाळी कोणा मेल्याचा फोन आला होता. सणासुदीचं काही ताळतंत्र नाही लोकांना."

"कोणाचा?" मी विचारलं.

"चिंगतावहून बोलतोय म्हणाला. गोड बोलत होता. हे काय करतात विचारलं. म्हटलं सुतारकाम. तर सरळ तो शब्द काढला. पहिल्या महिन्यात. घरात पोटुशी पोर असताना."

बाबांच्या हातातल्या जेवायच्या काड्या तशाच राहिल्या.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? तसलं काही आमच्या घरात होत नाही म्हटलं. कपाटं करतो आम्ही, लग्नाची."

"आणि?"

"जपानला कोण जाणारे का म्हणाला. म्हटलं सणात कोण घर सोडून जातं? आणि ठेवला फोन."

बाबांच्या चेहऱ्याचा रंग थोंगच्या ताज्या फळीसारखा झाला. आईंना काय झालं ते सगळ्यांत शेवटी कळलं आणि कळल्यावर त्यांनी चमचा परत भांड्यात ठेवला.

"तो वकिलातवाला होता?"

"हो आई," मी म्हणालो.

"मग तसं सांगायचं ना त्याने आधी."

"सांगितलं असेल."

"असेल. मी ऐकलं नाही. तो शब्द ऐकला आणि पुढचं काही ऐकूच आलं नाही मला." मग त्या बाबांवर उलटल्या. "आणि तुम्हाला कोणी सांगितलं होतं घरचा नंबर द्यायला?"

बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. हा त्यांचा मोठेपणा. मी आपला भात मोजून खात राहिलो.

माडम छूंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बिया चावायच्या थांबल्या असाव्यात. "कागदावर एक, तोंडी दुसरं," त्या म्हणाल्या. "त्यांच्या जागी मी असते तर मलाही संशय आला असता. आता काही करू नका. तुम्ही फोन करायचा नाही. त्यांचा आला तर काकांनी स्वतः घ्यायचा आणि सरळ सांगायचं. नाही आला तर..."

त्या दुपारपासून बाबा टेलिफोनशेजारी बसले. कारखान्यातली मोठी करवत बंद ठेवली. घंटा वाजली की ते उभे राहत, टोपी काढत आणि म्हणत, "हो, मीच लुआन चिंगयुआन, सुतार." पहिल्यांदा त्यांची मेहुणी होती, नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला. दुसऱ्यांदा इंटरनेट विकणारा. तिसऱ्यांदा परत मेहुणी, भावोजींना बरं नाही का म्हणून विचारायला. चौदाव्या दिवशी त्यांनी चहा प्यायचं सोडलं, कारण चहा प्यायला की मोरीकडे जावं लागतं.

आणि घरात दुसरी भीती सुरू झाली. फोन आला आणि खरं सांगायचं झालं, तर तो शब्द मोठ्याने म्हणावा लागणार. समोरच्या खोलीत. पहिल्या महिन्यात. श्याओमान त्याच घरात.

"लाकडी वस्तू म्हणा," आई म्हणाल्या.

"कागदावर तसं नाहीये."

"मग आधी हिला बाहेर काढू आणि मग बोला."

"फोन वाजल्यावर? आठ महिन्यांची बाई पळवायची अंगणात?"

"उद्याचा दिवस गेला की संपलं. परवा काय हवं ते बोला. परवा येऊ दे फोन."

"तो काय आपल्या सोयीने येणारे?"

बाबा बोलायचे ते हळू, तोंडावर हात धरून, जणू शब्द न काढताच त्याची सावली पडेल. मी शाळा शिकलेला माणूस, मला हसू येत होतं. श्याओमानला राग. "मी या घराच्या भुशात रांगले," ती म्हणाली, "आणि आता माझ्यापासून काय लपवताय?" आईंनी तिच्या तोंडात एक गोड गोळा घातला. गोळे दुसऱ्या दिवसासाठी केले होते, तांदळाच्या पिठाचे, तिळाचं सारण घातलेले.

पंधरावा दिवस. दिव्यांचा सण. सकाळचे साडेदहा. बाबा सकाळपासून रोखून धरल्यानंतर शेवटी मोरीकडे गेले, आणि त्या चार मिनिटांत घंटा वाजली. आई स्वयंपाकघरात, हात पिठात. मी अंगणात. मी धावलो, पण श्याओमान खुर्चीतच होती, हाताच्या अंतरावर. तिने उचलला.

दारात मी थांबलो. आमच्या बाजूचं तेवढं ऐकू येत होतं.

"हो, लुआन यांचंच घर. मी त्यांची मुलगी." मग जरा वेळ काही नाही. "हो. शवपेट्या. माझे वडील शवपेट्या बनवतात."

मागे काहीतरी पडलं. बाबा मोरीच्या दाराशी उभे होते, पायाशी तांब्या. आई पिठाचे हात वर धरून स्वयंपाकघरातून आल्या होत्या आणि दोघांच्याही चेहऱ्यावर सारखीच भीती होती. कोणी तिला अडवलं नाही. शब्द एकदा निघाला होता.

"परवा आईने घेतला होता फोन. नाही, खोटं नव्हतं बोलायचं तिला. मी गरोदर आहे. पहिल्या महिन्यात आमच्याकडे तो शब्द काढत नाहीत. हो, म्हणून कपाटं." ती थोडी हसली. "आज मीच काढला. आलेत बाबा, देते."

बाबांनी टोपी काढली. डोक्यावर टोपी नव्हतीच, तरी हात वर जाऊन आला. फोन दोन्ही हातांनी धरला. पहिले दोन-तीन प्रश्न जन्माचे, पत्त्याचे असावेत, ते त्यांनी पाठ केल्यासारखे सांगितले. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि ते थांबले.

"खिडकी उघडली नाही म्हणून," ते म्हणाले. "मी बसवली होती. गेल्या वर्षी थंडीत बसवली, हवा कोरडी होती, फट कमी ठेवली. माझी चूक. त्या मुलाला आई दिसली नाही. अजून एकशे साठ आहेत तिथे. मी गेलो नाही तर कुणीतरी त्या तशाच वापरेल." थोडं थांबून ते म्हणाले, "मी परत येईन. माझी नात यायची आहे. नातूही असू शकतो. मी कशाला तिथे राहू?"

बाबा भिंतीकडे बघत उभे होते. मग "बरं" म्हणाले, आणखी एकदा "बरं" म्हणाले आणि फोन अगदी हळू ठेवला.

"काय म्हणाले?"

"धन्यवाद म्हणाले."

"म्हणजे?"

"मला काय माहीत? आपण चुकलो की लोक जरा जास्तच नीट बोलतात."

आईंनी श्याओमानला उठवलं, अपशकुन टळावा म्हणून तीनदा थुंकल्यासारखं केलं, तिचा हात धरून लाकडाला लावायला नेलं. आता आमच्या घरात हात लावायला लाकूड शोधायचं तर सगळं त्याच कामाचं. शेवटी पोळपाट सापडला. मी हसलो. श्याओमानही हसली.

दुपारी चारला हसू थांबलं. ती म्हणाली, "सकाळपासून हललं नाहीये."

मी शिकलेला माणूस. मला पक्कं माहीत आहे की शब्दाने काही होत नाही. तरी सकाळचा तो शब्द आठवलाच. आई तिला कुशीवर झोपवून गरम पाणी पाजत होत्या. बाबा खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभे, आत यायचं नाही, लांब जायचं नाही. मी तिच्या पोटाला कान लावून बसलो. बाहेर मुलं कागदी कंदील घेऊन ओरडत होती आणि मला वाटत होतं, गप्प बसा सगळे, मला ऐकू येत नाहीये. गाडी काढायची का दवाखान्यासाठी, हे मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं आणि कानाखाली लाथ बसली. चांगली जोरात. मग आणखी एक.

"हललं," मी म्हणालो.

उंबऱ्याबाहेर बाबा खाली बसले. नुसते जमिनीवर, भिंतीला टेकून. तिथे बसून ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटले, मला फक्त "माझ्यापायी" एवढं ऐकू आलं.

त्यानंतरचे सहा दिवस कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही, कारण काहीच घडलं नाही. बाबा वाट बघत होते नकाराची. नकाराची तयारी म्हणून त्यांनी अकरा सुतारांसाठी शेजारच्या कारखान्यात विचारूनही ठेवलं. कोणाला घेतील, कोणाला नाही. मला हे त्या शेजाऱ्याकडून कळलं.

सातव्या दिवशी माडम छूंचा फोन आला. पासपोर्ट आलाय, येऊन घेऊन जा. मिळाला की नाही ते मी विचारायच्या आत बाबांनी माझ्या हातातून फोन घेऊन ठेवून दिला. "फोनवर नको," ते म्हणाले. आम्ही गाडीने तालुक्याला गेलो. एजन्सीसमोर ते गाडीतून उतरले नाहीत.

"तू जा. तुझं तोंड बघून मला कळेल."

मी आत गेलो. माडम छूंनी पासपोर्ट उघडून माझ्यासमोर ठेवला. पानावर चिकटवलेला कागद, फुलांची नक्षी, मुक्काम पंधरा दिवस. "फोनवर खरं सांगणाऱ्या त्या मुलीला माझ्याकडून मिठाई घेऊन जा," त्या म्हणाल्या आणि बियांची वाटी माझ्याकडे सरकवली.

बाहेर येताना मी तोंड अगदी सरळ ठेवलं. जरा गंमत करावी म्हणून. काचेमागे बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. दोन पावलं टाकली आणि मला स्वतःची लाज वाटली. मी पळत जाऊन पासपोर्ट त्यांच्या मांडीवर उघडला.

त्यांनी ते पान बराच वेळ बघितलं. अंगठा कागदाच्या कडेवरून फिरवला, फळीची कड बघतात तसा.

"पंधरा दिवस," ते म्हणाले. "जायचा-यायचा काढला तर तेरा. एकशे साठ खिडक्या. दिवसाला तेरा खिडक्याही होणार नाहीत एकट्याने."

"होतील. पाखं काढायची, कड तासायची, परत लावायची."

"आणि तिथली हवा अजून दमट असली तर?"

"तर थोडं जास्त तासायचं."

"आणि इकडे हिचे दिवस भरले तर?"

मी गाडी सुरू केली.

घरी आई दारातच होत्या. पासपोर्ट त्यांनी हातात घेतला नाही. लांबूनच मान वाकवून त्या कागदाकडे बघत राहिल्या.

"यात तो शब्द लिहिलाय का कुठे?"

"नाही आई."

"सगळं वाचलंस? जपानीत पण?"

"सगळं."

तेव्हा कुठे त्यांनी पुसलेल्या हाताने तो घेतला, रुमालात बांधला आणि विचारलं, "रंधा बरोबर न्यायचा की तिथे मिळेल?"

"माझाच नेणार," बाबा म्हणाले.

संध्याकाळी मी कारखान्यात गेलो तर ते हत्यारं जुन्या पंच्यात गुंडाळत होते. दोन रंधे, तीन पटाश्या, बिजागऱ्यांची पुडी. ही विमानात हातातल्या पिशवीत चालत नाहीत, खालच्या बॅगेत टाकायची, हे मी चौथ्यांदा सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "तिथे उतरल्यावरही विचारतील ना, कशाला आलात म्हणून?"

"विचारतील."

"टेबलापलीकडून?"

"काचेपलीकडून."

आता पहिल्या महिन्याचा पंधरवडा सरून आठवडा होत आला होता, बोलायला काही हरकत नव्हती, तरी त्यांनी आधी घराकडे एकदा पाहिलं. "त्यांच्या भाषेत काय म्हणतात आपल्या मालाला? सांग बरं एकदा."

मी तो शब्द सांगितला. त्यांनी म्हणून बघितला. चुकला. परत म्हणाले.